लुंबिनी-काठमांडूची वाट आणि आपली तयारी

(विहारातील वर्षावास कार्यक्रमात दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघात सुटलेल्या काही गोष्टी लिहून काढताना भरल्या आहेत.)



समितीने मला आज जो विषय दिला तो धम्मदेसनेचा नाही. धम्मावर बोलायला भन्ते समोर बसले आहेत. मी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस, माझं शिक्षण शाळेत कमी आणि वाचनालयात जास्त झालेलं. मला रस्त्यावर बोलायला सांगितलं आहे. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आपण सर्वांनी मिळून ठरवलं की यंदा नुसती मिरवणूक आणि भोजनदान करून थांबायचं नाही, तर बस करून बुद्धभूमीला जायचं. नागपूर, सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, तिथून सरहद्द ओलांडून लुंबिनी, आणि लुंबिनीहून पहाड चढून काठमांडू. आजपर्यंत ४१ नावे आली आहेत. त्यात सत्तरी ओलांडलेल्या आपल्या नऊ मायमाउल्या आहेत.

नावे आली, पहिला हप्ता जमला, पण दोन प्रश्न अजून लोंबकळत आहेत. जायचं कधी, आणि पहाडात जायचं कसं? मागच्या बैठकीत यावर बराच आवाज झाला. म्हणून समिती म्हणाली की एकाने नीट माहिती काढावी आणि सर्वांसमोर मांडावी. मी दोन महिने त्याच्या मागे होतो. नकाशे पाहिले, जाऊन आलेल्या लोकांना भेटलो, ड्रायव्हर लोकांशी बोललो. जे ध्यानात आलं ते सांगतो, आणि माझं मतही सांगतो. मत पटलं नाही तर उठून बोलावं, हे विहार आहे.

आता पहिली गोष्ट. शहरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या एजंटाने आपल्याला एक कागद दिला आहे. तो म्हणतो, ऑगस्टमध्ये चला. लग्नसराई नसते, गाड्या उभ्या असतात, भाडं बरंच कमी लावतो. अकरा दिवसांत सगळं दाखवून परत आणतो. भाड्यातला फरक पाहून आपल्यातले पुष्कळ जण तिकडे झुकले आहेत, आणि त्यात चूक काय? पैसा आपल्याकडे मोजका आहे. पण त्या कागदावर एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मी सांगतो.

२३ ऑगस्ट २०२४. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले भाविक नेपाळला गेले होते. पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात त्यांची बस रस्ता सोडून खाली मर्स्यांगदी नदीच्या काठाला कोसळली. गाडी उत्तर प्रदेशच्या पासिंगची होती. वेळ रात्रीची नव्हती, भर दिवसाची होती. बसमध्ये ४३ माणसे होती, त्यातली २७ गेली. प्रेते वायुदलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावी लागली. भुसावळ काही आपल्याला परकं नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तिथल्या फलाटावर रात्री काढल्या आहेत. ते लोकही आपल्यासारखेच वर्षभर पैसे साठवून देवदर्शनाला निघाले होते. त्यांची श्रद्धा वेगळी असेल, पण रस्ता तोच, महिना तोच, आणि यादीही आपल्याएवढीच.

कोणी म्हणेल, अपघात तर आपल्या टोलनाक्यावरही होतो, नागपूर रोडवर रोज होतो. खरं आहे. पण पहाडातल्या पावसाची गोष्ट निराळी आहे. त्याच वर्षी १२ जुलै २०२४ ला पहाटे चितवन जिल्ह्यात नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर दरड आली आणि दोन बसेस तिने सरळ त्रिशूली नदीत लोटल्या. साठाहून अधिक माणसे त्यात होती. त्या गाड्या नेपाळच्याच होत्या, ड्रायव्हरही तिथलेच. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी वरून डोंगर आला तर तो काय करील? आणि आपण काठमांडूला ज्या रस्त्याने जाणार तो हाच रस्ता आहे, दुसरा नाही. पुन्हा त्याच साली सप्टेंबरच्या शेवटी काठमांडूच्या खोऱ्यात आणि आसपास असा पाऊस झाला की दोनशेवर लोक दगावले, काठमांडूत शिरण्याच्या रस्त्यावरच थांबलेल्या गाड्यांवर दरड कोसळली. म्हणजे पोळा झाला, गणपती झाले, आता पाऊस सरला असं आपण इकडे म्हणतो, तेव्हासुद्धा तिकडे तो सरलेला नसतो.

हे होतं का, तर हिमालय हा तरुण पहाड आहे. आपला सातपुडा जुना, त्याचा खडक बसलेला. तरीही परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना पावसाळ्यात एखादा दगड रस्त्यावर आलेला आपण पाहतोच. तिकडचा पहाड अजून हलतो आहे. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप आपल्याला आठवत असेल. त्यातून मागची काही वर्षे रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचे पाय कापणे चाललेले आहे. पाय कापलेल्या डोंगरावर चार महिने पाणी मुरतं. खाली नदी, वर ओली माती आणि मध्ये आपली बस. उंचीची भीती मात्र मनातून काढून टाका. काही ताईंनी विचारलं की तिथे श्वास लागतो का? काठमांडू साधारण १,३५० मीटरवर आहे, आपला चिखलदरा १,१०० च्या वर आहे. चिखलदऱ्याला जिचा दम नाही लागला तिचा तिथेही लागणार नाही. स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या मात्र दम काढतील, तिथे गाडीने मागच्या बाजूने वर जाता येतं.

आता भन्तेंच्या समोर बोलतो आहे तर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण हा कार्यक्रम कशाचा करून राह्यलो? वर्षावासाचा. विनयपिटकातल्या महावग्गात याची हकीकत आहे. पूर्वी भिक्खू बाराही महिने फिरत. लोक कुरकुर करू लागले की हे श्रमण पावसाळ्यातसुद्धा हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पाखरंसुद्धा या दिवसांत घरटं करून बसतात, यांना तेवढंही कळत नाही काय! ते भगवंतांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. लोकांची तक्रार ऐकून केलेला हा नियम आहे, आकाशवाणी झाली म्हणून केलेला नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो. ज्या बुद्धाची जन्मभूमी पाहायला जायचं त्याने भिक्खूंना ज्या महिन्यांत फिरू नका सांगितलं, त्याच महिन्यांत स्वस्त पडतं म्हणून आपण निघायचं? आणि भन्तेंना इथे ठेवून? ते तर या दिवसांत येऊच शकत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं नोव्हेंबर. दिवाळीची गिरणीची सुट्टी जोडून निघायचं आणि ६ डिसेंबरच्या आत परतायचं, म्हणजे चैत्यभूमीला जाणाऱ्यांचीही अडचण नाही. त्याच्या पुढे ढकलू नये. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत गोरखपूर आणि तराईत धुकं असं दाट पडतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. म्हणजे पाऊस संपल्यानंतर आणि धुकं यायच्या आधी महिना-सव्वा महिन्याची एक फट आहे. जाणारा शहाणा माणूस त्या फटीतून जातो.

बाबासाहेबही याच दिवसांत गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि महिन्याभरात, नोव्हेंबरमध्ये, ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनाला हजर होते. तब्येत पार खालावलेली, तरी गेले. २० नोव्हेंबरला तिथे त्यांनी बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. गिरणी कामगाराने ते भाषण वाचलंच पाहिजे, आपल्या विहाराच्या कपाटात ते आहे. परतताना वाराणसी, कुशीनगर करून ते ३० नोव्हेंबरला दिल्लीत पोचले. पुढे सहा दिवसांत काय झालं ते मी सांगायला नको. त्या काठमांडूत केवळ बारा वर्षांपूर्वी, १९४४ साली, राणा सरकारने थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढलं होतं. बुद्धाचा जन्म ज्या देशात झाला त्या देशातून चीवरधारी भिक्खूंना हद्दपार केलं, आणि बारा वर्षांनी तिथेच जगातले बौद्ध जमले. हे माहीत असलं म्हणजे काठमांडू नुसतं फिरायचं ठिकाण राहत नाही.

त्याच्याही आधी एक मराठी माणूस त्या वाटेने गेला होता. धर्मानंद कोसंबी, गोव्याचे. १८९९ मध्ये घर सोडलं, काशीला राहून संस्कृत शिकले आणि बौद्ध धर्म कुठे जिवंत आहे हे शोधत १९०२ मध्ये नेपाळला गेले. तेव्हा काठमांडूला गाडीरस्ता नव्हताच. हिंदुस्थानातून मोटार न्यायची तर हमाल ती खांद्यावर पहाडापलीकडे नेत. रस्ता झाला तो पार पन्नासच्या दशकात, भारताच्या इंजिनिअरांनी बांधला, त्रिभुवन राजपथ त्याचं नाव. कोसंबी पायी गेले, आणि तिथली बौद्ध धर्माची स्थिती पाहून निराश होऊन परतले. मग बोधगया, आणि तिथून सिलोन. हे सगळं त्यांनी ‘निवेदन’ या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपल्या तरुण पोट्ट्यांनी निघण्याआधी ते वाचावं, मोबाईलवर पहाडाचे फोटो पाहण्यापेक्षा ते बरं.

तर नोव्हेंबर. पण नोव्हेंबर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कापूस येतो, आणि मागच्या बैठकीत खरा आवाज झाला तो याच्यावरून. जे पगारी आहेत त्यांना नोव्हेंबर सोपा आहे. यादीतल्या चौदा बाया मात्र वेचणीला जाणाऱ्या आहेत. सोयाबीन निघालं की कापूस फुटतो, आणि वर्षात हाती चार पैसे पडायचे ते त्याच दिवसांत. किलोवर मजुरी असते, जितकं वेचाल तितकं मिळेल. दोन आठवडे शेत सोडलं तर ती मजुरी बुडाली, शिवाय पुढच्या वेळी बोलावणं येईलच असं नाही. ऑगस्टमध्ये निंदण असतं, पण त्याची मजुरी कमी. म्हणजे एजंटाच्या कागदाला हात वर करणाऱ्या बाया अडाणी होत्या असं कोणी समजू नये. त्यांचा हिशोब चोख होता. आपल्यापैकी ज्यांनी त्यांना “तुम्हाला धम्मापेक्षा कापूस मोठा” असं ऐकवलं, त्यांनी ते बोलायला नको होतं.

यावर तोड एकच दिसते. वर्गणी सर्वांना सारखी ठेवू नये. ज्यांना महिन्याचा पगार आहे किंवा पेन्शन आहे त्यांनी जास्त द्यावी, वेचणीवाल्या बायांची अर्धी करावी. एमआयडीसीत कंत्राटदाराकडे जे पोट्टे लागले आहेत त्यांची सुट्टी बिनपगारी असते, त्यांनाही कमी. मी माझ्या घरच्या दोघांचे जास्तीचे आजच लिहून देतो. कोणी म्हणेल की हे दान झालं. दान नाही, हिशोब आहे. पावसाळा टाळल्याने आपल्या सर्वांचा जीव सुरक्षित होणार, मग त्याची किंमत एकट्या वेचणीवालीने का भरावी?

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी उघड बोलत नाही. आपल्या एका मायबाईने मला दारात गाठून विचारलं, “भाऊ, मी दिवाळीपर्यंत राहीन का बाप्पा? ऑगस्टात घेऊन चला ना.” वय ऐंशीच्या घरात. काय सांगणार! मी म्हटलं, माय, लुंबिनी पाहायचीच ना, मग तुमच्यासाठी लुंबिनीपर्यंतची वाट सपाट आहे, पहाड तर लुंबिनीच्या पुढे आहे. त्यावरून मला जे सुचलं ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते पुढे सांगतो. आधी वाट बघू.

आपल्या टोलनाक्यापासून नागपूर काही नवीन नाही. दीक्षाभूमीला वंदन करून सिवनी, जबलपूर, रीवा करत वाराणसी. नागपूर ते वाराणसी साधारण साडेसातशे किलोमीटर आहे, ते एका दमात मारायचं नाही, जबलपूरला मुक्काम. सारनाथ, मग बोधगया. बोधगयेच्या व्यवस्थापनाचा जो प्रश्न आहे तो मोठा आहे, त्यावर वेगळं भाषण ठेवा, आज नको. राजगीर आणि नालंदा जवळजवळ आहेत, तिथे एक पूर्ण दिवस द्यावा.

राजगीरच्या पुढचा रस्ता मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. भगवंत ऐंशी वर्षांचे असताना राजगृहाहून निघाले, नालंदा, पाटलिगाम म्हणजे आजचा पाटणा, गंगा ओलांडून वैशाली, आणि शेवटी कुशीनगर. शेवटचा वर्षावास त्यांनी वैशालीजवळ बेलुव गावी केला, तिथे फार आजारी पडले, तरी पाऊस सरल्यावर पुन्हा चालू लागले. आपली बस ढोबळमानाने तोच मार्ग धरणार आहे. ते पायी गेले, आपण पुशबॅक खुर्चीत बसून जाणार आणि वर एसी चालत नाही म्हणून ड्रायव्हरशी भांडणार. असो.

कुशीनगरहून गोरखपूर पन्नासेक किलोमीटर, तिथून सुनौली शंभराच्या आत. सुनौली म्हणजे सरहद्द. आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही हे बरोबर आहे, पण म्हणून खिशात काहीच नको असा अर्थ कोणी काढू नये. सरकारी नियमाप्रमाणे १५ ते ६५ वयाच्या माणसाजवळ पासपोर्ट नाही तर मतदार ओळखपत्र पाहिजे. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्यांना आधार कार्ड चालतं. पंधरा ते अठराच्या पोरांनी शाळेच्या मुख्याध्यापकांचं फोटो असलेलं ओळखीचं पत्र घ्यावं. अठरा पूर्ण झालेल्या ज्या पोरांचं नाव यादीत नाही त्यांनी सहा नंबरचा फॉर्म आत्ताच भरावा, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत कार्ड हातात येईल, आणि मतदानालाही उपयोगी पडेल. माता-भगिनींनी माहेरचं नाव एका कार्डावर आणि सासरचं दुसऱ्यावर असं आहे का ते तपासून घ्यावं. आपल्या यादीत अशा सहा जणी मलाच सापडल्या.

सरहद्दीवर गाडीचे कागद करावे लागतात. तिकडे जकातीला भन्सार म्हणतात, गाडी जितके दिवस आत राहील तितक्या दिवसांचं ते भरायचं, प्रवासी गाडीला परवानाही वेगळा लागतो. विम्याचं तर कोणी सांगतच नाही. गाडीची पॉलिसी साधारणपणे भारताच्या हद्दीपुरती असते, नेपाळसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते. एजंटाला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काका, कोणी पाहत नाही.” कोणी पाहत नाही हे मलाही माहीत आहे. पण पाहण्याची वेळ येते तेव्हा मागे राहिलेल्यांची पोरं कागद हातात घेऊन फिरतात. गिरणीत हे आपण कमी पाहिलं आहे काय?

पैशाचं म्हणाल तर आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर १९९३ पासून तसाच आहे. आपल्या शंभराच्या नोटा सगळीकडे चालतात, त्याच जास्त घ्या. २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या आपल्या नोटांवर बंदी घातली होती, हे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घेऊ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. हसू नका, सकाळी सहाला निघायचं ठरलं आणि निम्मे लोक आपल्या वेळेवर राहिले तर पहाडात पंधरा मिनिटांची किंमत संध्याकाळी कळते. आणि तिथलं राजकीय वातावरण पाहूनच सरहद्द ओलांडायची. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, दोन दिवसांत पंतप्रधानांनी राजीनामा दिला, आणि आपल्याकडचे कितीतरी प्रवासी तिथे अडकून पडले.

सरहद्दीपासून लुंबिनी पंचवीस-तीस किलोमीटर, सगळी सपाट तराई. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो स्वतः तिथे आला, आणि बुद्ध इथे जन्मले म्हणून त्या गावाचा बली नावाचा कर माफ केला, उत्पन्नावरचा हिस्साही आठवा केला, असं त्या स्तंभावर कोरलेलं आहे. राजा तीर्थाला आला आणि गरिबाचा कर कमी करून गेला. आजचे राजे तीर्थाला आले की रस्ते बंद होतात.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझी सूचना अशी की आपली मोठी बस लुंबिनीला उभी करायची. तिने पहाड चढायचा नाही. पुढे ज्यांना जायचं त्यांनी तिथली, नेपाळी नंबरची लहान गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर करायचा. आपल्याकडचा ड्रायव्हर समृद्धी महामार्गावर कितीही चांगला चालवत असला तरी आठ तास वळणावर वळण, समोरून ट्रक आणि बाजूला नदी, हे त्याच्या हाताला बसलेलं नसतं. लांब बसचं मागचं अंग वळणावर बाहेर झुकतं, लहान गाडीचं तेवढं नाही. तिथला माणूस दरडीपासून वाचवणार नाही, त्यासाठी तर नोव्हेंबर आहे. पण कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि कुठे थांबायचं हे त्याला कळतं. भाड्याच्या पैशात फार फरकही पडत नाही, कारण मोठ्या बसचे तेवढ्या दिवसांचे भन्सार आणि डिझेल वाचतं.

लुंबिनीहून बुटवल, तिथून महेंद्र राजमार्गाने दाउन्नेचा चढ ओलांडून नारायणगढ, मग त्रिशूलीच्या काठाने ३६ किलोमीटर मुग्लिंग, आणि मुग्लिंगहून ११० किलोमीटर काठमांडू. किलोमीटर पाहून कोणी फसू नये. अंतर पावणेतीनशेच्या आसपास असलं तरी पूर्ण दिवस जातो. पहाटे उजाडल्यावर निघायचं, अंधार पडायच्या आत गाडी थांबली पाहिजे, मग काठमांडू येवो की न येवो. वाटेत नारायणगढला मुक्काम पडला तर पडू द्या. बुटवलहून पाल्पा, पोखरा करून जाणारा दुसरा रस्ता आहे, तो सुंदर आहे असं सगळे सांगतात, पण त्याला वळणं अधिक आणि दिवसही अधिक लागतो. तो मी वगळला आहे. सौंदर्यासाठी नाराज होणाऱ्यांनी माझ्यावर नाराज व्हावं.

ज्यांना पहाड चढायचा नाही त्यांनी लुंबिनीला राहावं. तिथे देशोदेशीचे विहार आहेत, राहण्याची सोय आहे, चार दिवस ध्यान-वंदना करावी, एक दिवस गाडी करून तिलौराकोटचे अवशेष पाहून यावेत. त्या मायबाईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “मग मी तिथंच बसते, तुम्ही या फिरून.” मात्र मागे राहणाऱ्यांसोबत आपल्या तरुण मंडळाचे दोघे राहिले पाहिजेत, त्यांची नावं अजून कोणी दिलेली नाहीत.

शेवटची गोष्ट झोपेची. एजंटाचे अकरा दिवस मी कागदावर मांडून पाहिले. त्यात चार रात्री गाडी चालती आहे, आणि ड्रायव्हर एक. सोबत क्लीनर आहे, तो मध्येमध्ये हात देतो म्हणे. मी वीस वर्षं तिसरी पाळी केली आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. अशाच एका पहाटे माझ्या शेजारच्या साच्यावरच्या माणसाची तीन बोटं गेली. तो सलग दुसरी पाळी करत होता, करवून घेणाऱ्यांनी रजिस्टरमध्ये एकच लिहिली होती. साचा तर जागेवर उभा असतो, बस धावती असते. म्हणून परवानाधारक दोन ड्रायव्हर, रात्री दहानंतर गाडी उभी, आणि ड्रायव्हरला झोपायला खोली. आपण विहारात गाद्यांवर आणि तो सीटवर, हे चालणार नाही. यासाठी अकराचे चौदा दिवस होतात. खर्च वाढतो, तो वाढीव खर्च मी हिशोबात धरलेला आहे, कागद बाहेर फळ्यावर लावला आहे.

आणि पहाड चढायच्या दिवशी सकाळी जायचं की नाही हे पाच जणांनी ठरवावं, त्यात दोन बाया असाव्यात, आणि तिथल्या ड्रायव्हरला विचारूनच ठरवावं. रस्ता बंद असेल, पाऊस अवेळी आला असेल, तर काठमांडू रद्द. पैसे दिले आहेत म्हणून गेलंच पाहिजे असं कोणी म्हणायचं नाही, ही अट नाव देतानाच कबूल करून घ्यावी.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर यावर हात वर करून निर्णय होईल. त्या दिवशी प्रत्येकाने मतदार कार्डाची झेरॉक्स, रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून आणावा. बी.पी., शुगरवाल्यांनी गोळ्या वीस दिवसांच्या घ्यायच्या आहेत, चौदाच्या नाही. स्वयंपाकाचं महिला मंडळाच्या ताई आता सांगतील, त्यांच्याकडे चिवड्याचा आणि ठेच्याचा हिशोब तयार आहे. मी खाली बसतो. जयभीम, नमो बुद्धाय.